होडी शाकारली, बॅटरीचे काय?

श्रोतेहो, मृगाच्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात, त्यांच्यावर झापांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर चढते. जाळी दुरुस्तीला निघतात, इंजिनाला तेलपाणी होते. राहते ती बॅटरी. काम नाही म्हणजे खर्च नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. पण बॅटरी स्वस्थ बसून राहत नाही.

असे का, ते पाहू. १८५९ साली प्लान्टे या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाची बॅटरी बनविली. आजही होडीतल्या बहुतेक बॅटऱ्या त्याच तत्त्वावर चालतात. शिशाच्या पट्ट्या आणि पातळ गंधकाम्ल, एवढाच संसार. वीज खर्च झाली की पट्ट्यांवर शिशाचे एक पांढरे संयुग साचते. चार्ज केले की ते विरघळते. मात्र ते आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तर त्याचे कडक खडे बनतात. मग कितीही चार्ज करा, पट्टी पुरती सुधारत नाही. बॅटरी वापराने मरते त्यापेक्षा अर्धपोटी ठेवल्याने लवकर मरते.

आता वीज जाते कुठे? चांगली बॅटरी आपल्या आपणच महिन्याला शेकडा पाचांच्या आसपास उतरते. जुनी त्याहून बरीच जास्त. शिवाय तारा जोडलेल्या राहिल्या, तर एखादे यंत्र गुपचूप वीज पिते. समजा, ते अँपिअरचा पन्नासावा भागच घेते. साठ दिवसांचा हिशेब करा: सुमारे २९ अँपिअर-तास! शंभराच्या बॅटरीतून जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. शिक्षकांनी हे गणित मुलांना जरूर घालावे.

म्हणून पहिले काम तारा सोडण्याचे. आधी ऋण, मग धन; जोडताना उलट क्रम. दुसरे, सगळ्या बॅटऱ्या एकमेकींना जोडून ठेवू नका. त्यांतली एक दुबळी असली, तर ती चांगल्या बॅटरीलाही खाली ओढते. प्रत्येकीला नंबर घाला आणि प्रत्येकीकडे वेगळे पाहा. चार्जर एकच असला तरी अडत नाही. चार बॅटऱ्या, महिन्याचे चार आठवडे. दर आठवड्याला एकीची पाळी. शंभराच्या बॅटरीला दहा अँपिअरपर्यंतचा प्रवाह पुरे.

चार्जर काढल्यावर काही तासांनी मीटर लावा. १२.६ च्या पुढे व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली, १२.४ च्या खाली उतरली तर पाळीची वाट पाहू नका. आकडे भिंतीवर लिहून ठेवा. ज्या नंबराचा आकडा दर खेपेला भरभर उतरतो, ती बॅटरी बदलायला झाली असे समजा. साधा चार्जर दिवसचे दिवस लावून ठेवू नये, पाणी उकळते आणि पट्ट्या झिजतात. आपोआप हात आखडणारा चार्जर असेल तर गोष्ट वेगळी.

झाकणे असलेल्या बॅटरीत चार्जिंग झाल्यावर खुणेपर्यंत शुद्ध पाणी घाला. ॲसिड कधीही नको. चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो, तो पेटतो. तेव्हा खोलीला वारा हवा, आणि विडी बाहेर!

सिमेंटच्या जमिनीवर बॅटरी ठेवली की उतरते, असे जुने लोक म्हणतात. लाकडी पेट्यांच्या काळी त्यात तथ्य होते. आजच्या प्लास्टिकच्या पेटीला ती भीती नाही. लिथियमच्या बॅटरीचे नियम मात्र निराळे, ते तिच्या पुस्तिकेत पाहावे.

मंडळी, नारळी पौर्णिमेनंतर होडी खोल पाण्यात जाते, तेव्हा इंजिन सुरू करणे, दिवा लावणे, वायरलेसवरून हाक मारणे, सारे या पेटीवरच चालते. किनाऱ्यावर उतरलेली बॅटरी म्हणजे एक दिवस फुकट. समुद्रात उतरली तर माणसांच्या जिवाशी गाठ. तेव्हा भर पावसात आठवड्यातून अर्धा तास तिच्यासाठी काढा.