गाईचं इंजेक्शन आणि माळावरचं गिधाड

मागच्या खेपेला आपण गोठ्यातल्या गोचिडांबद्दल बोललो होतो. आजचा विषयही गोठ्यातूनच निघतो, पण जातो पार माळावर. आज गिधाडाबद्दल बोलायचं आहे.

गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा बायका हसल्या. एक आक्का म्हणाल्या, "कर्जाचं बोल गं, गिधाडाचं काय घेऊन बसलीस!" त्यांचंही बरोबरच आहे. आपल्या बोलण्यात गिधाड येतं ते शिवी म्हणूनच. कुणी वाटणीवर डोळा ठेवला की आपण म्हणतो, गिधाडासारखा टपून बसलाय. पण त्याच आक्कांना विचारलं की तुम्ही नव्या नवरी म्हणून आलात तेव्हा मेलेलं जनावर कुठे टाकायचे, तर त्यांनी सगळं सांगितलं. ओढ्याच्या पलीकडे टाकायचे, तासाभरात आभाळातून पन्नास-साठ गिधाडं उतरायची, दुपारपर्यंत नुसता सांगाडा राहायचा. वास नाही की माश्या नाहीत. आज गटातल्या पंचविशीच्या आतल्या एकाही मुलीनं गिधाड पाहिलेलं नव्हतं. पुस्तकातलं चित्र तेवढं पाहिलेलं.

मग ती सगळी गेली कुठे? आणि ती गेल्यानं आपलं काय गेलं? या दोन्ही प्रश्नांवर शास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केलं आहे आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर अगदी अलीकडे, २०२४ मध्ये छापून आलं. ते ऐकण्यासारखं आहे, कारण त्यात आपल्या हातातली एक गोष्ट आहे.

आधी पहिला प्रश्न. १९८० च्या दशकापर्यंत भारतात गिधाडं कोट्यवधी होती. राजस्थानात भरतपूरला केवलादेव नावाचं पक्ष्यांचं उद्यान आहे. तिथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश गिधाडांची घरटी मोजत होते. ऐंशीच्या दशकात जिथे झाडं गिधाडांनी भरलेली होती, तिथे नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांना घरटी रिकामी दिसू लागली. फांदीवर मान टाकून बसलेले पक्षी दिसत, आणि काही दिवसांनी झाडाखाली मरून पडलेले. मग देशभर मोजणी झाली. पांढऱ्या पाठीचं गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारातलं एकही धड उरलं नाही. लांब चोचीचं गिधाड शंभरातली सत्त्याण्णव गेली. एवढ्या वेगानं एखादा पक्षी संपत आल्याची उदाहरणं जगात फार थोडी आहेत.

लोकांना वाटलं साथ आली असेल, कुणी म्हणालं शेतातल्या फवारणीचं विष असेल. बरीच वर्षं रोगाचाच शोध चालला. उत्तर सापडलं ते शेजारच्या पाकिस्तानातल्या पंजाबात. लिंडसे ओक्स नावाच्या पशुवैद्य शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मेलेली गिधाडं फाडून पाहिली. पुष्कळ पक्ष्यांच्या काळजावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर बसला होता. ते होतं युरिक ॲसिड. किडनी काम करेनाशी झाली की जे बाहेर पडायला हवं ते अंगातच साठतं, तसं झालं होतं. म्हणजे कशानं तरी किडनी निकामी होत होती. जंतू सापडले नाहीत, फवारणीचं विषही सापडलं नाही.

इथे त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं, कारण त्याला मोठी यंत्रं लागली नाहीत. त्यांनी विचार केला की गिधाड खातं काय, तर मेलेली गुरं. मग गुरांच्या अंगात नवीन काय जातं आहे? ते जनावरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधाच्या दुकानांत गेले आणि विचारलं, तुम्ही गुरांना देता त्यातलं किडनीला बाधणारं औषध कोणतं? एक नाव पुढे आलं, डायक्लोफिनॅक. हे दुखण्यावरचं, सुजेवरचं, तापावरचं औषध. मग त्यांनी मेलेल्या गिधाडांची तपासणी केली. किडनी निकामी होऊन मेलेल्या २५ गिधाडांपैकी २५ मध्ये डायक्लोफिनॅक सापडलं. दुसऱ्या कारणानं मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही नाही. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता कुणी विचारेल, डायक्लोफिनॅक दिलेल्या सगळ्याच गाई काही मरत नाहीत, मग एवढी गिधाडं कशी मेली? प्रश्न रास्त आहे. जी गाय बरी होते तिच्या अंगातून औषध थोड्या दिवसांत निघून जातं, तिच्यापासून धोका नाही. पण आपण दुखण्याचं इंजेक्शन कधी देतो? जनावर उठेनासं झालं, खाईनासं झालं, की डॉक्टरला बोलावतो आणि म्हणतो निदान कळ तरी थांबवा. ते जनावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दगावलं, की औषध अंगातच राहतं. गिधाडं एकेकटी जेवत नाहीत, पंगतच बसते. त्यामुळे एका जनावरामागे पन्नास-शंभर पक्षी जाऊ शकतात. रिस ग्रीन आणि इतर शास्त्रज्ञांनी हिशोब मांडून दाखवला की माळावर टाकलेल्या शंभर जनावरांत असं औषधाचं एकही पुरं नसलं, त्याहून कमी असलं, तरी एवढी गिधाडं मरायला ते पुरे होतं. वर गिधाडाची मादी वर्षाला अंडं घालते एकच. कोंबडीसारखं नाही, की पंधरा मेली तर पुढच्या हंगामात भरून निघतील.

आता दुसरा प्रश्न, आपलं काय गेलं.

गिधाडाच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू त्यात मरतात. कुत्र्याचं, उंदराचं तसं नाही. भारतात २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे ५३ कोटींहून जास्त पशुधन आहे. एवढी जनावरं सांभाळणाऱ्या देशात मेलेल्या जनावराची विल्हेवाट हे केवढं मोठं काम आहे! पूर्वी ते ओढून नेण्याचं, फाडण्याचं काम काही जातींवर लादलेलं होतं. त्यांनी ते सोडलं, फार बरं केलं. पण त्यानंतरचा जो मोठा भाग होता, सगळं मांस संपवण्याचा, तो गिधाडं फुकट करत होती. त्यामुळे त्याचा हिशोब कुणी कधी ठेवला नाही.

तो हिशोब एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मांडला. तुम्ही म्हणाल, गिधाड नाही म्हणून माणूस मेला हे कसं सांगता येईल? माणसं तर शंभर कारणांनी मरतात. त्यांची रीत समजायला सोपी आहे. आपण नवं खत आणलं की काय करतो? अर्ध्या वाफ्याला घालतो, अर्ध्याला नाही, आणि दोन्हीकडचं पीक बघतो. त्यांनी देशातले जिल्हे असेच दोन प्रकारचे धरले. काही जिल्हे असे, की तिथे पूर्वीपासून गिधाडांना राहण्याजोगी जागा होती. काही असे, की तिथे गिधाडं मुळातच नव्हती किंवा फार थोडी होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डायक्लोफिनॅकचं पेटंट संपलं, पुष्कळ कंपन्या ते बनवू लागल्या, स्वस्त झालं आणि गुरांना सर्रास दिलं जाऊ लागलं. त्याच्या आधी दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांत मृत्यूचं प्रमाण सारख्याच चालीनं चाललं होतं. गिधाडं गेल्यावर मात्र ज्या जिल्ह्यांत ती होती, तिथे माणसांच्या मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांहून जास्त वाढलं. जिथे गिधाडं नव्हतीच, तिथे तसं झालं नाही. दोन्हीकडे औषधाचं दुकान तेच, सरकार तेच. फरक गिधाडांचाच होता.

आकड्यात सांगायचं तर २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली, असा त्यांचा अंदाज आहे. अंदाज म्हणजे मोजणी नव्हे, हे लक्षात असू द्या, घरोघर जाऊन कुणी मोजलेलं नाही. पण त्यांनी बाकीच्या खुणाही तपासल्या. त्या जिल्ह्यांत भटकी कुत्री वाढली होती, रेबीजच्या लसीचा खप वाढला होता आणि नदीच्या पाण्यात घाण वाढली होती. धागे जुळतात. मांस उरलं, कुत्र्यांना आयतं खायला मिळालं, कुत्री वाढली, चावे वाढले. उरलेलं सडून ओढ्यात उतरलं, तेच पाणी खालच्या गावानं प्यायलं. सगळ्यात वाईट परिणाम दिसला तो जिथे गुरं पुष्कळ होती आणि शेजारी मोठी वस्तीही होती, अशा शहरांच्या कडेला.

कुत्रा चावण्याचं नाव निघालं म्हणून मध्येच एक सांगते. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. हळद नाही, चुना नाही, तिखट तर अजिबात नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं आणि सांगतील तितकी सगळी इंजेक्शनं घ्यायची. दोन घेऊन बरं वाटलं म्हणून थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. रेबीज एकदा अंगात उठला की औषध नाही, म्हणून इतकं बजावून सांगते.

आपल्या महाराष्ट्रातही गिधाडं गेल्याचा फटका वेगवेगळ्या ठिकाणी बसला. मुंबईत मलबार हिलवर पारशी समाजाची डुंगरवाडी आहे. तिथे मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची त्यांची शेकडो वर्षांची रीत. गिधाडं संपली तशी त्यांना तिथे उन्हाची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले. रायगडच्या म्हसळा तालुक्यात आणि गडचिरोलीत गिधाडं अजून तग धरून आहेत. तिथे त्यांच्यासाठी तपासलेली, औषध नसलेली मेलेली जनावरं ठरावीक जागी ठेवतात, लोक त्याला गिधाडांचं हॉटेल म्हणतात. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली गिधाडं २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचला आणली. त्यातलं एक ताडोब्यातून उडत उडत तमिळनाडूपर्यंत गेलं आणि तिथे विजेच्या तारेला लागून मेलं. पिंजऱ्यात वाढवून सोडणं सोपं काम नाही. माझ्या मते तर माळावरचं अन्न स्वच्छ केल्याशिवाय कितीही पक्षी आणून सोडले तरी उपयोग नाही.

ते अन्न आपल्या गोठ्यातून जातं. भारत सरकारनं जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक २००६ मध्येच बंद केलं. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये ठरलं की माणसांचं इंजेक्शन ३ मिलीहून मोठ्या बाटलीत विकायचं नाही. पुढे कळलं की डायक्लोफिनॅकची भावंडंही तशीच घातक आहेत. किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २०२३ मध्ये बंदी आली आणि त्यानंतर निमेसुलाइडलाही. बंदी दिल्लीत होते, इंजेक्शन आपल्या गोठ्यात टोचलं जातं. मध्ये बरंच अंतर आहे.

चांगली गोष्ट अशी की गाईला कळ सोसत ठेवायची गरज नाही. मेलॉक्सिकॅम नावाचं औषध गिधाडांना खाऊ घालून तपासलं गेलं आणि ते त्यांना बाधत नाही हे २००६ मध्येच सिद्ध झालं. टॉल्फेनॅमिक ॲसिडही चालतं असं नंतर दिसलं. दोन्ही गुरांच्या तापावर, सुजेवर, दुखण्यावर वापरतात. कोणतं, किती द्यायचं हे डॉक्टरच ठरवणार, आपण दुकानातून आणून टोचायचं नाही. पण विचारायचं नक्की. "डॉक्टर, हे मेलॉक्सिकॅम आहे का?" एवढं एक वाक्य. मी काही गटांत हे सांगितलं तेव्हा एक ताई म्हणाल्या, डॉक्टर रागावतील. मी म्हटलं, गाय तुमची, कर्ज गटाचं, हप्ता तुम्ही फेडणार, मग विचारायला काय हरकत आहे? बाटलीवर कंपनीनं दिलेलं नाव मोठं असतं आणि औषधाचं खरं नाव खाली बारीक अक्षरात. घरातल्या शिकणाऱ्या मुलीला ते वाचायला सांगा. पशुसखींनी तर ही पाच नावं वहीत लिहूनच ठेवावीत: डायक्लोफिनॅक, किटोप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही चार नकोत, मेलॉक्सिकॅम हवं.

दुखण्याचं कोणतं इंजेक्शन दिलं ते ठाऊक नसेल आणि जनावर दगावलं, तर ते उघड्यावर टाकू नका, खोल खड्डा घेऊन पुरा. लंपीच्या वेळी आपण पुरलीच होती. तोंडातून-नाकातून काळसर रक्त येऊन अचानक मेलेलं जनावर मात्र फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही, हातही लावायचा नाही. ती फाशी असू शकते आणि ती माणसालाही होते. आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आजारी जनावरासाठी १९६२ या नंबरवर फोन केला तर फिरत्या दवाखान्याची गाडी येते. आणि कुठे मान टाकून बसलेलं किंवा मेलेलं गिधाड दिसलं, तर वन विभागाच्या १९२६ वर सांगा आणि जागेची खूण नीट द्या, कोणता ओढा, कोणतं झाड, कुणाच्या बांधाजवळ, म्हणजे त्यांना शोधत बसावं लागणार नाही.