आत्यांची रात्रीची भाषा

निपाणीहून आत्यांना खुब्याच्या ऑपरेशनसाठी बेळगावला आणले, तेव्हा त्याच आम्हाला धीर देत होत्या. तिसऱ्या रात्री मात्र चादर ओढू लागल्या, उठू पाहू लागल्या, आणि एकाएकी चिक्कोडीकडच्या माहेरच्या कन्नडात बोलू लागल्या. नातवंडे घाबरली. मला कन्नड येते. तरीही मी ‘गप्प झोपा’ एवढेच मराठीत म्हणत राहिलो.

रात्रपाळीच्या सिस्टर आल्या. हात धरून ‘एनागैत्री अज्जी?’ म्हणाल्या. आत्यांना लघवीला लागली होती, एवढेच!

मग सिस्टरांनी आमच्या पिशवीतून चष्मा आणि श्रवणयंत्र मागून घेतले. ऑपरेशनच्या गडबडीत आम्हीच ते काढून ठेवले होते. सुनेला उशाशी बसवले आणि डॉक्टरांना कळवले. म्हणाल्या, उतारवयात ऑपरेशननंतर असा तात्पुरता भ्रम पुष्कळांना होतो. झोपमोड, शरीरातले पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग, दुखणे, काही औषधे, अशी कारणे असतात. ती शोधावी लागतात. ओरडून किंवा हात बांधून तो वाढतोच.

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय काढले, तेव्हापासून आपल्या भागातली माणसे तिकडेही जात आली. तिथल्या परिचारिकांनीही अशा किती दुभाषी रात्री काढल्या असतील!

पहाटे आत्यांना झोप लागली. चहाच्या वेळी मला मराठीत विचारले, ‘रात्री मी काय बडबडले का रे?’

‘काही नाही आत्या,’ मी म्हणालो, आणि उगाच बशी पुसत बसलो.