लेडी मॅकबेथ : व्यक्तिरेखेतील स्थित्यंतराचा अभ्यास

प्रस्तावना

विल्यम शेक्सपिअरची 'मॅकबेथ' ही शोकात्मिका १६०६ च्या सुमारास लिहिली गेली आणि १६२३ च्या 'फर्स्ट फोलिओ'मध्ये प्रथम छापली गेली. वि. वा. शिरवाडकर यांच्या 'राजमुकुट' या रूपांतरामुळे मराठी वाचकालाही हे कथानक परिचित आहे. या नाटकातील लेडी मॅकबेथला अनेकदा 'चौथी चेटकीण' ठरविले जाते. परंतु संपूर्ण नाटकातील तिचा प्रवास पाहिला असता हे मत एकांगी वाटते. प्रस्तुत लेखात या व्यक्तिरेखेतील परिवर्तनाचे टप्पे स्पष्ट केले आहेत.

महत्त्वाकांक्षेचा उदय

हॉलिनशेडच्या बखरीत मॅकबेथच्या पत्नीचा उल्लेख ओझरता आहे. राणीपदाची तीव्र लालसा असलेली स्त्री, एवढेच तिचे वर्णन तेथे येते. शेक्सपिअरने या ओझरत्या उल्लेखातून एक सजीव व्यक्तिरेखा घडविली. पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात पतीचे पत्र वाचताच तिचा निर्णय होतो. पतीचा स्वभाव फार मवाळ आहे, हीच तिची चिंता असते. म्हणून ती दुष्ट शक्तींना आवाहन करून आपल्यातील स्त्रीत्व व दयाभाव नष्ट करण्याची याचना करते. येथे एक बाब लक्षणीय ठरते. जी स्त्री मुळातच निर्दय असते, तिला निर्दयता मागावी लागत नाही. सातव्या प्रवेशात मॅकबेथ माघार घेऊ लागतो, तेव्हा ती त्याच्या पौरुषालाच आव्हान देऊन त्याला हत्येस प्रवृत्त करते.

पहिला तडा

तिच्या पतनाची सुरुवात पाचव्या अंकात होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः पहिला तडा दुसऱ्या अंकातच दिसतो. निद्रिस्त डंकन आपल्या पित्यासारखा दिसला नसता तर आपणच त्याचा वध केला असता, अशी कबुली ती देते. तरीही ती स्वतः खंजीर परत नेऊन ठेवते आणि थोड्याशा पाण्याने हातांवरील रक्त धुऊन निघेल, असे पतीला सांगते. हेच पाणी व हेच हात पुढे तिच्या यातनेचे प्रतीक बनतात.

सहभागाकडून एकाकीपणाकडे

राणीपद प्राप्त झाल्यावर तिला समाधान लाभत नाही. तिसऱ्या अंकात बँकोच्या हत्येचा बेत मॅकबेथ तिच्यापासून लपवून ठेवतो. ज्या पतीला तिने कृतिप्रवण केले, त्यालाच आता तिच्या सल्ल्याची गरज उरत नाही. मेजवानीच्या प्रवेशात बँकोचे भूत पाहून तो भ्रमिष्टासारखा वागतो, तेव्हा ती पाहुण्यांसमोर प्रसंग सावरून घेते. पतीसाठी तिने केलेली ही अखेरची धडपड होय. संपूर्ण चौथ्या अंकात ती रंगमंचावर येत नाही. याच अंकात मॅकडफच्या पत्नीची व मुलांची हत्या होते.

अंतर्मनाचा उद्रेक

पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ती निद्राभ्रमण करताना दिसते. जिने पूर्वी अंधाराला आवाहन केले होते, तिच्याजवळ आता सतत दिवा ठेवावा लागतो. एरवी पद्यात बोलणारी ही राणी येथे तुटक गद्यात बोलते. काल्पनिक डाग धुण्यासाठी ती हात चोळत राहते. १७८५ मध्ये सारा सिडन्स या अभिनेत्रीने या प्रसंगी हातातील दिवा खाली ठेवून दोन्ही हात धुण्याचा अभिनय केला होता. या प्रलापात डंकनबरोबरच मॅकडफच्या पत्नीचाही उल्लेख येतो. त्या हत्येच्या कटात ती सहभागी असल्याचे नाटकात कोठेही दिसत नाही. तरीही त्याचा भार तिची सदसद्विवेकबुद्धी वाहते. पुढे तिच्या मृत्यूची केवळ वार्ता येते. तिने आत्मघात केला असावा, असे अखेरीस माल्कमच्या भाषणातून सूचित होते.

निष्कर्ष

पती-पत्नींचा प्रवास परस्परविरुद्ध दिशांनी होतो. आरंभी कचरणारा मॅकबेथ पुढे संवेदनाशून्य बनतो, तर आरंभी कठोर भासणारी त्याची पत्नी अपराधभावाने खचते. तिने आपल्यातील माणुसकी दडपली, परंतु ती नष्ट करू शकली नाही. म्हणूनच ही व्यक्तिरेखा तिरस्काराबरोबर करुणेलाही पात्र ठरते, असे म्हणता येईल.