बारा वर्षे इंग्रजी, आणि पहिले पुस्तक

सकाळी साडेसहा

पुरंदर तालुक्यात ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे सीताफळाचे दिवस. माझ्या वर्गातली कितीतरी मुले पहाटेच बागेत उतरतात, फळे तोडतात, क्रेट भरून सासवडच्या बाजाराला रवाना करतात आणि मगच कॉलेजची एसटी पकडतात. वाल्हे, परिंचे, गराडे, जेजुरी अशा गावांहून ती येतात. पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या इथल्या एका महाविद्यालयात मी इंग्रजी शिकवते, आणि सकाळची एसटी माझीही तीच.

एसटीत जवळपास प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. रीलखालच्या ओळी, अ‍ॅपच्या सूचना, भरतीच्या जाहिराती, सगळीकडे इंग्रजी. इंग्रजी अक्षर नजरेला पडले नाही असा या मुलांचा तास जात नाही. तरीही इंग्रजीतले एखादे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेले मूल पहिल्या वर्षाच्या वर्गात विरळाच सापडते. माझा कामाचा दिवस या एका गोष्टीभोवती फिरतो.

सकाळी पावणेआठ

पहिला तास प्रथम वर्षाचा. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे समोरच्या बाकांवर बसलेली मुले बारा वर्षे इंग्रजी शिकून आली आहेत. शेतकऱ्याचा मुलगा, अंगणवाडी सेविकेची मुलगी, जेजुरीच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्याची मुलगी, सगळ्यांना इंग्रजीचा तास होता, परीक्षा होती, गुणही होते.

पण या बारा वर्षांत वाचायला हाती आली ती जेमतेम बारा पाठ्यपुस्तके. त्यांतलेही धडे बहुतेकदा मराठीत समजावून सांगितले गेले, उत्तरे गाईडमधून उतरवली गेली आणि निबंध पाठ केले गेले. मुलाने स्वतः पान उघडले, अडखळत का होईना पुढे वाचले आणि आपले आपण समजून घेतले, असे फार थोड्या वेळा घडले. या मुलांना वर्षे भरपूर मिळाली, पाने मिळाली नाहीत. आपण त्यांना ‘इंग्रजीत कच्ची’ म्हणतो, पण त्यांना वाचायलाच मिळालेले नाही.

म्हणून तासाची पहिली वीस मिनिटे सगळ्यांनी मनातल्या मनात वाचायचे, असा आमचा शिरस्ता आहे. एकेकाला उभे करून मोठ्याने वाचायला लावत नाही. उभे राहून वाचणाऱ्याचे सगळे लक्ष उच्चारावर आणि मागच्या बाकावरच्या हसण्यावर जाते. ओळीचा अर्थ तिथेच हरवतो.

मुले वाचताना मी वर्गातून फिरते. कुणी ओळीवर बोट ठेवून वाचते, कुणाचे ओठ हलत असतात. कुणी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहून ठेवलेला असतो. तो खोडायला मी सांगत नाही. देवनागरीत जसे लिहिले तसे वाचता येते. इंग्रजी शब्द तसा वाचता येत नाही. त्यामुळे ही पेन्सिल त्या मुलाने स्वतः शोधलेली मदत आहे आणि सराव वाढला की ती आपोआप गळून पडते.

दुसरी अडचण दिसत नाही, पण मोठी आहे. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. ‘जो काल आला तो मुलगा’ असे आपण आधी सांगून मोकळे होतो. इंग्रजीत माणूस आधी येतो, त्याची हकीकत मागून येते आणि क्रियापद मध्येच कुठेतरी बसलेले असते. मराठीत विचार करणारा वाचक लांब इंग्रजी वाक्याच्या शेवटापर्यंत क्रियापदाची वाट पाहत राहतो, आणि तोवर सुरुवात विसरून जातो. मी फळ्यावर एकच लांब वाक्य घेते. कर्ता शोधा, क्रियापद शोधा, उरलेले नंतर बघू. चर्चा मराठीतच होते. व्याकरणाच्या चार व्याख्यांपेक्षा वाचणाऱ्याला हे अधिक उपयोगी पडते.

सकाळी साडेनऊ

ग्रंथालयाचा तास. ‘मॅडम, कोणतं पुस्तक घेऊ?’ हा इथला नेहमीचा प्रश्न. बरीच मुले थेट जाडजूड कादंबरी किंवा व्यक्तिमत्त्व विकासाचे गाजलेले पुस्तक उचलतात, दोन पाने वाचतात आणि आठवड्याने परत करतात. त्यांना वाटते, आपल्यातच खोट आहे. खरे तर खोट पुस्तकाच्या निवडीत असते.

वाचनाचा अभ्यास करणाऱ्यांनी याचा हिशेब मांडलेला आहे. मजकूर कुणाच्या मदतीविना नीट कळायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. तीनशे शब्दांच्या पानावर सहा शब्द अनोळखी असले, तर वाचक संदर्भाने तरून जातो. ९० टक्केच शब्द ओळखीचे असले, तर त्याच पानावर तीस शब्द अडतात. तीस वेळा डिक्शनरी उघडणे म्हणजे वाचन नव्हे, ती शिक्षा झाली. पॉल नेशन या अभ्यासकाच्या हिशेबाने कादंबरी किंवा वर्तमानपत्र अशा सहजतेने वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळे (एकाच मूळ शब्दाची सगळी रूपे मिळून एक कूळ) यावी लागतात. आमच्या मुलांनी थेट त्या उंचीवर उडी मारावी अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. तिथवर पायऱ्यांनी जावे लागते.

त्या पायऱ्या तयार आहेत. ऑक्सफर्ड बुकवर्म्स मालिकेत पहिल्या पायरीची पुस्तके ४०० मूळ शब्दांत लिहिलेली आहेत आणि सहाव्या पायरीची २,५०० शब्दांत. शिवाय मोजक्या शब्दांच्या पुस्तकांतून पायरीपायरीने वाचत जाण्याची ही कल्पना फुलली ती आपल्याच उपखंडात. मायकेल वेस्ट हे शिक्षणतज्ज्ञ ढाक्यात शिक्षकांना घडवत होते. बंगाली मुलांना इंग्रजी आधी वाचता आले पाहिजे, असे त्यांचे ठाम मत होते. १९२६ साली त्यांनी बंगालमधल्या द्विभाषिकतेवर ग्रंथ लिहिला आणि मोजक्या शब्दांची वाचनपुस्तके तयार केली. त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची प्रसिद्ध यादी १९५३ साली आली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या पायरीवाचनामागे ढाक्याच्या वर्गांचा अनुभव आहे, हे मी दर वर्षी मुलांना सांगते. आपल्यासारख्या मुलांसाठीच ही पुस्तके निघाली, हे ऐकून पातळ पुस्तक हातात धरण्याचा संकोच कमी होतो.

सकाळी अकरा

कँटीनमध्ये चहा. इथे मुले मोकळेपणी बोलतात. ‘मॅडम, समजतं, पण बोलता येत नाही.’ हे वाक्य ऐकले नाही असा आठवडा जात नाही. पुण्यात मुलाखतीला जायचे म्हणून स्वतःची ओळख करून देणारी दहा वाक्ये अनेकांनी देवनागरीत लिहून पाठ केलेली असतात. पुढचा प्रश्न आला की गाडी थांबते. बोलायला साठा लागतो, आणि ज्याच्या घरीदारी इंग्रजी कानावर पडत नाही त्याचा साठा वाचनानेच भरतो. स्पोकन इंग्लिशच्या क्लासची फी भरण्याआधी वीस सोपी पुस्तके वाचा, असे मी त्यांना कळकळीने सांगते.

सकाळी साडेअकरा

तिसऱ्या वर्षाचा, इंग्रजी विशेष विषय घेतलेल्यांचा तास. मी अरुण कोलटकरांचे ‘जेजुरी’ घेते. १९७६ साली इंग्रजीत आलेला आणि कॉमनवेल्थ पारितोषिक मिळालेला हा संग्रह एसटीच्या प्रवासाने सुरू होतो आणि रेल्वे स्टेशनवर संपतो. ती एसटी, तो गड, तो पुजारी, तो वाघ्या, ती मुरळी, सगळे या मुलांच्या रोजच्या बघण्यातले.

एरवी गप्प बसणारा जेजुरीचा मुलगा या तासाला बोलतो. जागरणात वाघ्याचे काम काय, भंडाऱ्याचे महत्त्व काय, कोणता दगड देव आणि कोणता नुसता दगड, हे तो सांगतो आणि मी ऐकते. कवीच्या संशयी नजरेशी कुणी वादही घालते: ‘गडावर जाऊन त्यांना एवढंच दिसलं का?’ वाद मराठीत सुरू होतो आणि पुरावा शोधायला सगळे इंग्रजी ओळींकडे परततात. कुणी न सांगता कविता पुन्हा वाचली जाते. मजकुरातले जग ओळखीचे असले की परक्या भाषेचे ओझे निम्म्याने उतरते. याच कारणाने मी तुकोबांच्या अभंगांचे दिलीप चित्रे यांनी केलेले इंग्रजी अनुवादही वर्गात आणते, आणि आर. के. नारायण यांच्या मालगुडीच्या गोष्टीही.

दुपारी एक

विज्ञान शाखेची मुले शंका घेऊन येतात. यांचा अनुभव सर्वांत खडतर. दहावीपर्यंत मराठीत शिकलेले विज्ञान एकदम इंग्रजीत समोर येते. विषय येत असतो, पण पान वाचायला कला शाखेच्या मुलापेक्षा दुप्पट धीर लागतो. बरीच जण मोबाईलने पानाचा फोटो काढून मराठी भाषांतर वाचतात. त्याला माझी बंदी नाही, फक्त क्रम सांगते. आधी परिच्छेद स्वतः वाचा, काय कळले ते मराठीत एका ओळीत लिहा, मग भाषांतर उघडून ताडून पाहा. क्रम उलटला की डोळा इंग्रजीवरून घसरतो आणि शिकणे थांबते.

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी, अभ्यासिकेतली मुलेही याच वेळी भेटतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर असतो आणि त्यात २५ टक्के गुण मिळाल्याशिवाय बाकीचे पेपर तपासले जात नाहीत. परीक्षा मराठीतून देणाऱ्यालाही हा उंबरठा ओलांडावा लागतो. उताऱ्यावरचे प्रश्न, सारांश, निबंध, सगळ्याच्या मुळाशी वाचन आहे.

दुपारी तीन

दुसऱ्या पाळीची मुले एमआयडीसीकडे गेली, मुली घरी पोचल्या. आता मी वाचनवह्या तपासते. नियम साधा आहे: इंग्रजी वाचा, वहीत हवे तर मराठीत लिहा. काय वाचले, काय आवडले, कुठे अडले. चुकांवर लाल शाई नाही.

या वह्यांत मला मुलांचा खरा प्रवास दिसतो. एकीने लिहिले आहे, गोष्ट संपेपर्यंत मोबाईल बघितला नाही. एकाने लिहिले आहे, शब्द अडले पण थांबलो नाही, पुढे कळले. पहिले सबंध पुस्तक वाचून झाले त्या दिवशी काहींनी तारखेखाली दोन रेघा मारलेल्या असतात. महिन्या-दोन महिन्यांत नोंदी लांब होतात, आणि कुणी न सांगता त्यांत एकेक इंग्रजी वाक्य यायला लागते.

रात्री नऊ

फोनवर मुलांचे निरोप येतात. वाल्ह्याची एक मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला असलेल्या भावाला कॉलेजमधून नेलेली इंग्रजी गोष्ट वाचून दाखवते आणि मधे मधे मराठीत समजावते. त्या घरातला धाकटा कॉलेजात येईल तेव्हा अठराव्या वर्षी पहिले पुस्तक शोधत फिरणार नाही.

आमच्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. १८५४ साली ‘काव्यफुले’ या संग्रहात त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो जातीच्या उतरंडीत तळाशी लोटलेल्या माणसांना ज्ञानाचे दार उघडावे म्हणून. आमच्याच तालुक्यातल्या कोडीतला जन्म असलेल्या आचार्य अत्र्यांनी मुलांना वाचायची गोडी लागावी म्हणून ‘नवयुग वाचनमाला’ काढली. हा वारसा जवळ असताना आपण इंग्रजी श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) मोजतो. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे एका सत्रात ३० तास. त्या तीस तासांत व्याख्या, टिपणे आणि प्रश्नपेढी उरकून घेतली, तर वाचन केव्हा होणार?

म्हणून महाविद्यालयांना आणि माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे. आठवड्यातला एक तास वेळापत्रकात वाचनासाठी राखा. वर्गापुरती पन्नास सोपी, पायरीची पुस्तके घ्या. एका प्रोजेक्टरपेक्षा ती स्वस्त पडतील. त्या तासाला मराठी बोलायला मोकळीक द्या. आणि पालकहो, मूल पातळ, चित्रांचे इंग्रजी पुस्तक घेऊन बसले तर ‘हे तर लहान मुलांचं’ म्हणू नका. ते वाचून संपू द्या, आणि लगेच दुसरे हातात द्या.