भारतथेरियम : आठ दातांचा पुरावा

नारायणगड, शिवनेरी आणि लेण्याद्री ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, तो बेसाल्ट थिजलेल्या लाव्हारसापासून बनलेला असल्यामुळे दख्खनच्या पठारात प्राचीन जीवांचे अवशेष मिळणेच शक्य नाही, हा समज अर्धाच खरा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे उद्रेक सलग चालू नव्हते; दोन उद्रेकांमधल्या उसंतीत तळी साचली, त्यांच्या तळाशी बसलेला गाळ पुढच्या लाव्हाखाली झाकला गेला, आणि अशा ‘इंटरट्रॅपियन’ म्हणजे लाव्हाथरांमधल्या गाळातच भारतथेरियम या लुप्त सस्तन प्रजातीचे दात टिकून राहिले. ते वरील ठिकाणांच्या परिसरातले नसून बेळगाव जिल्ह्यातील गोकाक, तेलंगणातील नासकल आणि मध्य प्रदेशातील किसलपुरी येथले आहेत.

डायनोसॉरच्या काळातले सस्तन प्राणी केवळ किडेमुंग्यांवर जगत, ही समजूतही या दातांपुढे टिकत नाही. भारतथेरियमच्या दाढा ६ ते ८.५ मिलिमीटर उंच व वाकड्या असून त्यांच्या कठीण आवरणाची, म्हणजे एनॅमलची, रचना तडे रोखणारी दिसते. अशा उंच दाढा झिजवणाऱ्या वनस्पती चघळणाऱ्या प्राण्यांना उपयोगी पडतात. त्या काळी गवत नव्हते, हा आक्षेप एकेकाळी रास्त वाटे. परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे मिळालेल्या डायनोसॉरच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिलिकामय सूक्ष्म कण असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो मागे पडला. भारतथेरियम गवतच खात असे, हे मात्र अद्याप अनुमानच आहे, कारण त्याचे पोट किंवा विष्ठा कोणी पाहिलेली नाही.

दातांच्या ठेवणीवरून त्याला उंदराचा पूर्वज ठरवणे तर सरळ चूक होय. तो गोंडवानाथेरिया या गटातला असून त्याचे भाईबंद अर्जेंटिना व मादागास्करमध्ये सापडतात, कारण हे भूभाग एकेकाळी गोंडवन या दक्षिणी महाखंडात एकत्र होते. या गटाचा आज एकही वंशज उरलेला नाही.

‘दक्षिणा जेदेरी’ हा वेगळा प्राणी समजला जातो, त्याला निमित्त संशोधकांचेच आहे. १९८९ मध्ये मिळालेल्या पहिल्या दाताचे वर्णन १९९७ मध्ये छापून आले, पण नाव २००७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दिले. या दोन नावांपैकी ‘भारतथेरियम बोनापार्टेई’ ग्राह्य ठरले. एक पटाशीचा दात आणि सात दाढा, एवढाच त्याचा ज्ञात पुरावा असल्याने चित्रांतून दिसणारे त्याचे केसाळ शरीर नातलगांच्या सांगाड्यांवरून कल्पिलेले असते.