जाहिरातीतील प्रसिद्ध व्यक्ती : विश्वास आणि उत्तरदायित्व

प्रसिद्ध व्यक्तीवरील लोकांचा विश्वास वस्तूकडे वळविणे, हे जाहिरातीचे जुने तंत्र होय. जपानी दूरचित्रवाणीवर याच हेतूने हॉलिवूडचे नटही झळकतात. भारतात मराठी रंगभूमीवरून चित्रपटात आलेल्या पदवीधर अभिनेत्री लीला चिटणीस १९४१ मध्ये लक्स साबणाच्या जाहिरातीत दिसल्या. पुढे सचिन तेंडुलकर यांनी अनेक जाहिराती केल्या. परंतु वडिलांना दिलेल्या शब्दाखातर तंबाखू व मद्याच्या जाहिराती नाकारल्या. तो वैयक्तिक विवेक होता. खोट्या दाव्यांचा प्रश्न मात्र आता केवळ विवेकावर सोडलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २१ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल तीत झळकणाऱ्या व्यक्तीसही १० लाख रुपयांपर्यंत, पुनरावृत्ती झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दाव्याची योग्य पडताळणी केली असल्यास ती दायित्वमुक्त ठरते. सारांश, चेहरा देण्यापूर्वी दावा तपासणे क्रमप्राप्त आहे.