राऊटरची डुलकी आणि शेजाऱ्याचा विश्वास



कोल्हापुरांतील आई पुण्याच्या मुलाशीं इंटरनेटवरून बोलत आहे. वाटेवरील एका राऊटरची आज्ञावली त्याच वेळीं पुन्हां सुरू करावी लागली, तर त्यांचें बोलणें तुटावें काय? तें तुटूं नये म्हणून योजलेल्या उपायास ग्रेसफुल रीस्टार्ट म्हणतात.

राऊटरचीं कामें दोन. डोकें शेजारच्या राऊटरांशीं बोलून वाटांचा तक्ता करतें. हात त्या तक्त्याप्रमाणें माहितीचीं पाकिटें पुढें धाडतात. डोकें थांबलें तरी चांगल्या यंत्रांत हात जुन्या तक्त्यावर चालूं शकतात. पण संभाषण तुटतांच शेजारी त्यास मृत समजून त्याच्या वाटा पुसून टाकतात, आणि घोटाळा दूरवर पसरतो.

यास्तव आधींच करार करावा लागतो. बी.जी.पी. या पद्धतींत (नियम २००७ चा) पहिल्या ओळखींतच राऊटर सांगतो, ‘मी अमुक सेकंदांत परतेन.’ पुष्कळ यंत्रांत हा आंकडा १२० असतो. तोंवर शेजारी जुन्या वाटा राखतो; नवी यादी संपल्याची खूण येतांच शिळ्या वाटा काढून टाकतो. करार ओळखीच्या वेळींच होत असल्यामुळें मागाहून लिहिलेली सूचना संबंध नव्यानें जोडल्याखेरीज लागू होत नाहीं. ओ.एस.पी.एफ. पद्धतींत (नियम २००३ चा) थांबणारा राऊटर शेजाऱ्यांस सवलतीची चिठ्ठी धाडतो. तिची मुदत १८०० सेकंदांहून अधिक नसावी.

मुदत हवीच कशाला? २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचें पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलें व वाहतूक कित्येक दिवस बंद पडली. ‘कोल्हापूर सरळ पुढें’ ही पाटी तेव्हांहि उभीच होती! पाटी लिहिणारा निजला तरी रस्ता कोरडा असेपर्यंत जुनी पाटी खरी. रस्ता बुडाल्यावर तीच घात करते. राऊटरचे हातहि थांबले असतील, तर शेजारी विश्वासानें पाठवीत राहतो आणि पाकिटें मुकाट्यानें नष्ट होतात. दुसरी चांगली वाट असूनहि कोणी तिकडे वळत नाहीं.

म्हणून राऊटर परतण्यास किती वेळ लागतो हें प्रत्यक्ष मोजून मुदत त्याहून थोडीच अधिक ठेवावी. ज्या यंत्राचे हात डोक्याबरोबरच थांबतात, त्यानें ही सवलत स्वतःसाठीं मागूं नये; शेजाऱ्यास मात्र अवश्य द्यावी. विश्वास ठेवावा, पण घड्याळ पाहून ठेवावा, एवढेंच या उपायाचें सार.